पंख्यातले रंगीत कागद

बोलिव्हियातल्या एल आल्टो शहरात, दुरुस्तीच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे मायलेकी होत्या. दुकानदार विल्मरने त्यांचा परवाच जोडलेला कॉम्प्युटर उघडला.

“मावशी, प्रोसेसरच्या पंख्यात हे रंगीत कागद कसले?”

“नव्या वस्तूची पूजा केली. बिअर वरूनच शिंपडली हो, कागद तेवढे आत टाकले.”

“पंखा अडकलाय. म्हणून तापून बंद पडतोय. काढतो.”

“थांब! धरणीमाय पाचामामा रुसली तर पोरगी नापास होईल.”

“आई, चारला प्रवेशपरीक्षा याच्यावरच द्यायचीय!”

“आमच्या मिनीबसमध्येही टाकले होते. नऊ वर्षं धावतेय!”

“मग मावशी, तुम्हीच काढा.”

“मी? तू शिकलेला ना रे?”

“शिकलोय, पण दुकानाची पूजा मीही करतो.”

तीन वाजले. रांगेतले आम्ही सगळे एक पाऊल मागे सरकलो.

“सरका दोघं,” लेक नायरा म्हणाली. “रुसायचं तर माझ्यावर रुसू दे.”