नानांचा हात पुरला नाही

सही अडवली म्हणून माझ्यावर सगळ्यात जास्त कोण चिडलं असेल, तर धुळ्याचे नाना. विमानात केलेले फेरफार तपासणं हे माझं काम. नानांनी खान्देशातल्या पेशंटसाठी लहान विमान घेतलं, सीटा काढून स्ट्रेचर बसवलं आणि मला जळगावच्या विमानतळावर बोलावलं.

मी म्हटलं, "नाना, ऑक्सिजनचा मास्क जुन्या सीटच्याच जागी राहिलाय. पास नाही होणार."

"ताई, एका मास्कसाठी विमान अडवतेस? पेशंट वाट देखी राह्यनात!"

"मग तुम्हीच झोपून बघा."

ते झोपले. मी पट्टे बांधले, मास्क खाली सोडला. "समजा, वर आभाळात केबिनमधली हवा एकदम निघून गेली. शुद्ध हरपायच्या आत मास्क लावा."

नानांनी हात ताणला, मग खांदाही ताणला. बोटं पोचेनात.

"माले सोड, ताई. पेशंट ते आठेच, स्ट्रेचरवरच मरी जाई."

त्यांनी मास्क उशाशी बसवून घेतला. दुसऱ्या तपासणीला मी गेले, तर नाना आधीच पट्टे बांधून, मास्क लावून पडलेले! मी हसतच सही केली.

पहिली पेशंट जामनेरची एक बाई होती. मुंबईला स्ट्रेचरवर निजून गेली. परत आली ती एसटीनं, खिडकीशी बसून.