पालथा चमचा

(कपड्यांच्या दुकानाची मागची खोली. दोघी मैत्रिणी नव्या मालाला किमतीच्या चिठ्ठ्या अडकवताहेत.)

— तू हातातलं खाली ठेव आणि नुसतं ऐक. मध्ये बोलायचं नाही.

— आणि चिठ्ठ्या कोण लावणार, तुझा मामा?

— मामाचंच सांगतेय. कालपासून माझं डोकं चालेनासं झालंय. मामाची ती कॅराव्हॅन माहितीय ना तुला?

— चाकांवरचं घर. तळ्याकाठी उभं असतं, आणि वर्षातले बाराही महिने तू त्याचे फोटो दाखवतेस.

— तेच. आत पलंग, ओटा, न्हाणीघर, सगळं आहे. मामी त्याला डबडं म्हणते. मामाचा जीव त्या डबड्यात, आणि डबड्यातही कुठे, तर पाण्यात. दोन-तीन महिन्यांनी एकदा जायचं, चार दिवस राहायचं, आणि निघायच्या दिवशी सकाळपासून याचं पाणी-पुराण सुरू. पलंगाखालची टाकी रिकामी करायची. गिझर रिकामा करायचा. सगळे नळ उघडे ठेवायचे. न्हाणीघरातला फवारा खाली काढून जमिनीवर आडवा ठेवायचा, म्हणजे नळीत थेंब उरणार नाही.

— एवढं कशाला? बंद करून जायचं की सरळ.

— थंडीत पाणी गोठलं की फुगतं गं, पाइप फाटतो. उन्हाळ्यात कुजतं. मामा म्हणतो, माणूस नसलेल्या घरात पाणी ठेवायचं नाही. आणि सगळ्यात शेवटी काय, तर बेसिनच्या जाळीतून चमचाभर तेल ओतायचं.

— तेल? बेसिनमध्ये?

— बेसिनखाली वाकडा पाइप असतो ना, त्यात थोडं पाणी साचून राहतं, म्हणून खालची घाण वर येत नाही. ते पाणी वाळलं तर परत येऊ तेव्हा नाक धरून उभं राहायचं. वर तेलाचा थर असला की वाळत नाही. तेल ओतलं की चमचा बेसिनमध्ये पालथा ठेवायचा. म्हणजे काम झालं, आता कोणी इथे पाणी सांडायचं नाही. ही त्याची खूण. दादालाही लहानपणी त्यानंच शिकवलं. दादा तेव्हा पलंगाखाली घुसून टाकीचं बूच काढायचा, मामा बाहेरून ओरडायचा, आलं का पाणी, आलं का.

— दादा म्हणजे तुझा मामेभाऊ. तो देखणा. लांबच्या शहरात नोकरीला गेलेला.

— तुझं लक्ष बरोबर तिथेच. हो, तोच. गेल्या वर्षी गेला, आणि कसा गेला तेही ऐक, नाहीतर पुढचं कळणार नाही. मामाचं नळ-पाइपांचं दुकान सांभाळायचं नाही म्हणाला, मोठ्या हॉटेलात चिकटतो म्हणाला. मामा तापट. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर बोलला, जा, पण जमलं नाही म्हणून परत येऊन माझ्या दारात उभा राहू नकोस.

— अरे देवा.

— तेव्हापासून दर रविवारी दादाचा फोन येतो. सगळं छान, साहेब चांगला, जेवण चांगलं. मामी बोलते, मामा शेजारी पेपर वाचल्यासारखं करतो.

— बरं, मग कालचं काय?

— आधी त्याच्या आधीचं ऐक. गेल्या वेळी निघायच्या दिवशी मामा सुरुवातीलाच तेलाचा चमचा शोधून हातात घेतोय तेवढ्यात मामीचा पायरीवरून पाय मुरगळला. चांगलाच. मग धावपळ, मामीला उचल, गाडीत घाल, हाडाच्या डॉक्टरकडे ने. पंधरा दिवसांनी थंडीची लाट आलीय म्हणून बातम्यांत सांगायला लागले. मामानं गारठा वाटला म्हणून त्या दिवशीचाच कोट घातला, खिशात हात घातला, तर चमचा.

— खिशात?

— खिशात. म्हणजे तेल ओतलंच नाही. आणि आठवायला गेला तर त्या धावपळीत आधीचंही काही केल्याचं आठवेना. टाकी भरलेली, गिझर भरलेला, आणि बाहेर पाणी गोठायला लागलेलं. जेवण अर्धं टाकून उठला. मामीनं विचारलं तर दाढ दुखतेय म्हणाला. मामीला कसं सांगणार? आयुष्यभर तिला ऐकवलंय, तुला एक नळ नीट बंद करता येत नाही म्हणून.

— बरं झालं. शिक्षाच.

— सकाळी मला फोन. मामाचा नुकताच मोतीबिंदू काढलाय, त्याला गाडी चालवायची नाही. डोळे दाखवायला जातोय असं मामीला सांगून माझ्या नव्या गाडीत बसला. पोचलो तर आत जाईना. आधी डबड्याखाली वाकून पाहिलं, बर्फ साठलाय का. कोरडं. मग पत्र्याला कान लावला.

— पत्रा काय बोलणार होता?

— हसू नकोस. दार उघडलं आणि आम्ही दोघं उभेच. नळ उघडे. फवारा जमिनीवर आडवा. टाकीचं बूच काढून शेजारी ठेवलेलं. बेसिनच्या जाळीशी तेल चमकतंय, आणि चमचा पालथा.

— मग त्यानंच केलं असेल, आणि विसरला असेल. वय झालं की होतं असं.

— मीही तेच म्हटलं. मामा हसला सुद्धा, सुटलो म्हणाला. मग हसता हसता थांबला. खिशातून त्याचा चमचा काढला आणि त्या चमच्याशेजारी ठेवला. दोन चमचे.

— थांब. अंगावर काटा आला.

— मला वाटलं चोर. तर मामा माझ्याकडे असा बघायला लागला. म्हणाला, चोर पाइप फुटतील म्हणून पाणी काढून जातो का? मग तो एकेक बघत गेला. साबण ओला. गॅसचा सिलिंडर उचलला तर हलका. पांघरुणाची घडी, कडा आत घेऊन घातलेली. मामीनं घरात सगळ्यांना लावलेली सवय.

— म्हणजे दादा?

— तू लवकर ओळखलंस. मामाला ओळखायचं नव्हतं. तो पायरीवर बसला आणि तिथूनच दादाला फोन लावला. रविवार नव्हता तरी. मामानं स्वतःहून लावलेला पहिला फोन, वर्षभरातला. मी शेजारी उभी, स्पीकर चालू. मामा म्हणाला, काय रे, थंडी कशी आहे तिकडे? दादा म्हणाला, थंडी कुठली बाबा, इथे पंखा लावून बसलोय. आणि अगं, तळ्याच्या धक्क्यावर एक लोखंडी खांब आहे, त्याला दोरीची कडी आपटत असते वाऱ्यानं. टण्ण, टण्ण. ती मला बाहेरून ऐकू येत होती. आणि फोनमधूनही.

— नाही.

— शपथ. मामानंही ऐकलं. त्याचा चेहरा मला बघवेना. म्हटलं, आता उठेल, धक्क्यावर जाईल, कानाखाली तरी देईल नाहीतर मिठी तरी मारेल. तो फोनमध्ये एवढंच म्हणाला, बरं, पंखा जपून लाव, सर्दी होईल. आणि ठेवला.

— तू का नाही गेलीस पळत?

— मी निघाले होते, त्यानं मनगट धरलं. म्हणाला, मी त्याला म्हटलं होतं, माझ्या दारात येऊ नकोस. तो घराच्या दारात आलाय का? नाही ना? मग त्याला पकडायचं नाही. आणि मला एकदम कळलं गं, की दादा रोज सकाळी उठून सगळं आवरून, पाणी काढून, तेल ओतून बाहेर पडत असणार. कोणी आलंच अचानक, तर डबडं जसंच्या तसं दिसावं म्हणून. दिवसभर कुठेतरी काम शोधायचं, रात्री परत.

— पण तुम्ही टाकी भरलेली सोडून गेला होतात. त्यानं रिकामी केली तिथेच पकडला गेला की. तशीच भरलेली ठेवायची होती.

— तेच तर. त्याला ते कळलं नसेल का? कळलंच असणार. पण बाहेर एवढी थंडी, पाइप फुटतील, बापाचा जीव त्यात. राहवलं नसेल त्याला.

— हं. मग मामानं काय केलं?

— जे जन्मात केलं नव्हतं ते. सगळी बुचं लावली. बाहेरच्या नळाला पाइप जोडून टाकी काठोकाठ भरली. मला गाडी घेऊन भरलेला सिलिंडर आणायला पिटाळलं, तो जोडला, गिझर बारीक चालू ठेवला, खोलीचा हीटरही. आणि चमचा उचलला, पुसला, आणि सुलटा ठेवला.

— म्हणजे, वापर.

— म्हणजे, वापर. मी म्हटलं, मामा, आपला अंदाज चुकला तर? तो परत आलाच नाही, सिलिंडर संपला, तर टाकीपासून नळापर्यंत सगळं फुटेल, हे डबडं भंगारात जाईल. तर म्हणतो, जाऊ दे भंगारात. पोराला सकाळी तोंड धुवायला गरम पाणी नको?

— मला रडवू नकोस, दुकानात गिऱ्हाईक येईल.

— पुढे ऐक. आठवडाभर मामा काय खुशीत. दुकानात शीळ घालतोय. मामीला वाटलं डोळा सुधारला. रात्री मला मेसेज करायचा, आता पाणी चांगलं तापलं असेल. मीही अंगठा पाठवायचे. रविवारी दादाचा फोन आला, सगळं छान. मामा पेपरमागून मामीला म्हणतो, विचार त्याला, आंघोळीला गरम पाणी मिळतं का. मामीनं विचारलं. तो जरा थांबला आणि म्हणाला, मिळतं.

— चला. मग गोड झालं की सगळं.

— मलाही तसंच वाटलं. काल मामा म्हणाला, सिलिंडर संपत आला असेल, दुसरा टाकून येऊ. भर दुपारी जायचं, तेव्हा तो नसतो. स्वतः जाऊन नवा टॉवेल घेतला, बनियन घेतले, दादाच्या मापाचे. गेलो. मामानं दार उघडलं. नळ उघडे.

— म्हणजे?

— नळ उघडे. फवारा आडवा. टाकी रिकामी, कोरडी ठणठणीत, गिझर रिकामा. मामानं सिलिंडर हलवून पाहिला, हलेना. जवळजवळ भरलेलाच, वरून बंद केलेला. म्हणजे त्याच संध्याकाळी, आम्ही गेल्यावर तो आला, टाकी भरलेली दिसली, आणि त्याला कळलं की बापाला कळलंय.

— आणि?

— सगळं पाणी काढलं, तेल ओतलं, चमचा पालथा ठेवला आणि निघून गेला. दादाकडे लहानपणापासूनची दुसरी किल्ली होती, तिनंच तो आत जायचा, ती दारामागच्या खिळ्याला अडकवलेली, आणि दार नुसतं ओढून लावलेलं.

— म्हणजे तो आठवडाभर...

— तिथे नव्हताच. मामा इथे म्हणतोय पाणी तापलं असेल, आणि तो कुठल्या थंडीत होता देव जाणे.

— मामा काय म्हणाला?

— आधी आणलेल्या टॉवेलची घडी मोडली, परत घातली. मग म्हणाला, मी त्याला दोनदा घालवला. एकदा ओरडून, आणि एकदा टाकी भरून.

— वेडा आहे का मामा? दादाला आत्ताच्या आत्ता फोन लावायचा आणि घरी ये म्हणायचं.

— लावला ना. तिथूनच. दादा म्हणाला, बाबा, कामात आहे, रविवारी बोलतो. मामा म्हणाला, बरं. आणि फोन ठेवला. उद्या रविवार. आज सकाळी मामीनं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, तुझ्या मामाचं काय बिनसलंय, रात्रभर स्वयंपाकघरातला नळ उघडतोय आणि बंद करतोय.

— तू काय सांगितलंस?

— वॉशर गेलं असेल म्हटलं. काय सांगू? उद्या फोन वाजला की मामी उचलणार आणि सगळं छान ऐकणार. यानं पेपरमागून काय बोलायचं? बोलला तर दादा फोनही बंद करेल, नाही बोलला तर हा असाच नळापाशी उभा.

— त्यानं टाकी भरायलाच नको होती गं.

— असं आता म्हणतेस. त्या दिवशी तिथे असतीस ना, बाहेर बर्फाळ वारं, हातात तो ओला साबण, आणि खांबाची टण्ण टण्ण. काहीच पाहिलं नाही असं करून, चमचा पालथाच ठेवून, दार ओढून घेऊन तू आली असतीस?