थैल्यांवरचे आकडे

नाई, त्या पेटीले हात नका लावू, अपेक्षाताई — ठेवा, ठेवा खाली. आताच्या सरायनं सांगतलं, मालूम आहे मले — गोपालचे दगड नव्या पोरीले द्या, तिची पीएचडी त्यावरच होईन. सरायचं का जाते सांगाले? बसा अगोदर. तेवीस वर्षं झाले मले या दगडाच्या खोलीत, या अब्दुल गफ्फारइतका पातळ दगड अमरावतीत कोनी घासत नाई — कांद्याच्या पापुद्र्यावानी, आरपार उजेड दिसते. मंग दुर्बिनीखाली ते शंख, खसखशीहून बारीक. नर्मदेकडच्या चुनखडीत हायेत. समुद्र होता म्हने तिथं कधीकाळी. गोपाल तुमच्यावानीच पीएचडीचा पोट्टा, त्यानं मलेच बसवलं पाहाले — "चाचा, हा शंख ज्या थरात सापडला, त्या थराचा काळ समजते. हा एक साक्षीदार." आन दुसरा कोन? कार्बन. दगडाच्या भुकटीत हलका कार्बन किती, जड किती, ते बाहेरगावी मोजून आनत. खालच्या थरापासून वरपर्यंत आकडे मांडले की चढउताराची रेघ निघते, ती दुसऱ्या मुलखाच्या रेघेशी जुळली की थराची उमर पक्की. पन दगड ओळीनंच पाह्यजे, खालून वर. एक इकडचा तिकडे झाला की सारं बोंबललं.

तुमाले हे मालूम आहे, हाव — पन पुढचं नाई ना मालूम. दोन हजार सहाची गोष्ट. गोपालनं तिकडच्याच एका नाल्याच्या कड्यावर चढून हात-हातभर अंतरानं एकेचाळीस दगड काहाडले, कापडी थैल्यात, थैलीवर शाईचा आकडा. म्हने, चाचा, आजच्या आज दगडावर रंगानं आकडे टाका. मी म्हटलं उद्या. काहून उद्या? पोरीचं, हीनाचं लगन होतं त्या हप्त्यात. दुपारी जेवाले घरी गेलो आन कापाच्या मशीनचा नळ सुरूच राह्यला. आलो तं फरशीवर निळं पानी. चौदा थैल्यायचे आकडे गेले. सांगाले पाह्यजे होतं — पाह्यजे होतं, ताई, पन मी रोजंदारीवर, पर्मनंटची फाइल तवाच्या सरायच्या टेबलावर. दगडाचा रंग पाहून अंदाजानंच लावले आकडे — हा गोरा, हा जरासा पिवळा — दगडच तं आहे, कोनाले समजते!

समजलं. शंख एक बोलत, कार्बन भलतंच बोले. रेघ निस्ती वेडीवाकडी. सरायनं चारचौघात म्हटलं, गोपाल, तू कड्यावर चढलाच नाई, खाली पडलेले दगड वेचून आनले. मी तिथंच उभा, चहाचे कप घेऊन. पोट्टा माह्याकडे वळला — शक घेऊन नाई, आशेनं — "चाचा, तुमाले तं माहीत आहे, मी चढलो होतो." मी म्हटलं, मले का मालूम, बेटा.

पुढच्याच हप्त्यात एकटा गेला, पुन्हा दगड आनाले. भादव्याचे दिवस, कडा ओला. दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्याखालून काहाडलं.

थांबा, झालं नाई माह्यं. त्या साली पेपर उघडला की रोज कोन्यातरी कास्तकारानं जीव देल्लेला. याचंही तसंच छापलं — कास्तकाराचा पोरगा, अभ्यासात नापास, कड्यावरून उडी. त्याचे वडील, महादेवराव, कपडे-पुस्तकं न्याले आले. तुमी बसल्या तिथंच बसले. "गफ्फारभाई, तुमी रोज त्याच्यासंगं होते. खरं सांगा — माह्या पोरानं जीव देल्ला का?" का बोललो असन मी? म्हटलं, अल्ला जाने, भाऊ, आजकालच्या पोरायच्या मनातलं कोन सांगावं. या तोंडानं म्हटलं. त्यायनं मान हालवली, जशी काही खात्रीच पटली.

दिवाळीच्या अगोदर पर्मनंट झालो.

तुमाले काहून सांगतलं? — तुमचीही रेघ वेडीच येईन, आन तुमीही निंगाल एकट्या, पावसापान्यात. म्हून. सरायले सांगा दगड खराब झाले, माह्यं नाव काहाडू नका, दोन वर्षं राह्यले नोकरीचे. का? महादेवराव? हायेत की. मांगं स्टँडवर दिसले, मीच मान फिरवली. — लिवून काहून घेऊन राहिल्या? ताई, वही ठेवा ती. म्हातारा मानूस आहे, आता सांगून का भेटन त्याले?

...चांदूर रेल्वे. फाटकाच्या पलीकडं, हिरव्या दाराचं घर.

नाई. मी नाई येत. जा तुमी.