आबांची टिचकी

आमच्या आबांची, म्हणजे वडिलांची, गंमत सांगतो राव. तळवड्यात आमचा चिनी मातीच्या कपांचा कारखाना, आजोबांपासूनचा. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप आबा टिचकी मारून बघतात. खणखणीत वाजला तर पास, बद्द वाजला तर तडा.

दोन वर्षांपूर्वी आबांना ऐकू येईनासं झालं. तेव्हापासून टिचकी त्यांची आणि कान माझे. मी शेजारी बसून, कप खणखणीत वाजला की होकारार्थी मान हलवतो.

परवा मोबाईल बघता बघता मी एका बद्द वाजलेल्या कपालाही मान हलवली. आबांनी तो गुपचूप भंगारात टाकला!

मी त्यांच्या कानाशी ओरडलो, “तुम्हाला कसं कळलं?”

“बोटाला कळतंय की, लेका.”

“मग मला कशाला रोज बसवता?”

“न्हाईतर तू माझ्यापाशी बसतोस कवा?”