ज्याची गाठ त्याचा पाय

वहिनी : आधी ही शिडी कुणाच्या घरून उचललीस ते सांग. मग बस.

धाकटा : उचलली नाही. विकत घेतली. तुमच्यासाठी.

वहिनी : आमच्यासाठी?

धाकटा : तीन वर्षांपूर्वी तुमची नेली होती ना मी. ती काही आता सापडायची नाही. म्हणून ही.

वहिनी : शिडी विकून पिणारा रंगारी उभ्या जन्मात मी एकच पाहिला. चढायची सोय विकलीस ती विकलीस, उतरायचीही विकून बसलास. आता नवी आणतोस, म्हणजे घरातून दुसरं काय जाणार आहे? आणि हे ‘तुमची’, ‘तुमच्यासाठी’ काय लावलंयस? कोपऱ्यापासून ‘वहिने, भूक’ म्हणून ओरडत यायचास तू.

धाकटा : म्हटलं, जरा मानाने बोलावं.

वहिनी : तुझं नाक पुसलंय मी या पदराने. मान देऊ नकोस, मला भीती वाटते.

धाकटा : बरं. तुझ्यासाठी. दादा कुठाय?

वहिनी : आत पडलेत. दुपारी पाय ठणकतो त्यांचा. हळू बोल. आणि त्या डब्यांना कोपर लावू नकोस, हा फिकट हिरवा जमवायला माझी सकाळ गेलीय. शाळेच्या भिंतीचा आहे.

धाकटा : दादा जमवत नाही आता?

वहिनी : ते बसल्या जागेवरून सांगतात, ‘पिवळा थेंबभर’. थेंब माझ्या हातात, डोळा त्यांचा. चालतंय तसं. तीन माणसं आहेत माझ्या हाताखाली. तू वळवळ करू नकोस, काय ते बोल.

धाकटा : तोंडाला वास येत नाही ना? बघ हवं तर.

वहिनी : ते दारातच पाहिलं. म्हणून तर जास्त शंका आली. प्यालेला तू मला पाठ आहेस. कुठे हसणार, कुठे रडणार, कुठल्या वळणावर आईची शपथ येणार, सगळं. हा न प्यालेला कोण आहे, ते मला ठाऊक नाही.

धाकटा : आठ महिने झाले सोडून.

वहिनी : तुझे महिने मी मोजत नाही, शपथा मोजल्यात. एक आईच्या तसबिरीसमोर. एक माझ्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून. एक तर नळाखाली कपड्यांसकट उभा राहून, निथळत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तुझा तर सुंभही जळलेला दिसत नाही. गाल भरलेत.

धाकटा : शपथ घ्यायला आलोच नाही मी.

वहिनी : मग वाटणी मागायला? या दोन खोल्या, बारा ब्रश आणि एक लंगडा माणूस. घे, काय पाहिजे ते उचल.

धाकटा : वहिनी, मला काही न्यायचं नाही.

वहिनी : काही न्यायचं नाही म्हणणाऱ्याला मी सर्वांत जास्त भिते. कानावर आलंय माझ्या. त्या ख्रिस्ताच्या लोकांत जातोस म्हणे. डोळे मिटून बसतोस. बगळाही बसतो तसा, मासा येईस्तोवर.

धाकटा : कोण म्हणालं?

वहिनी : कुणीही म्हणालं असेल. खरं आहे का?

धाकटा : खरं आहे.

वहिनी : काय दिलं त्यांनी तुला? काम? खोली?

धाकटा : काम आधीपासून होतं. दवाखान्याच्या वॉर्डाचं छत रंगवत होतो. खाली एक म्हातारा ट्रकवाला पडलेला. अर्धं अंग गेलेलं, जीभ मात्र शाबूत, आणि कमालीची घाण. त्याला एक नर्स रोज दुपारी शुभवर्तमान, म्हणजे येशूची कथा, वाचून दाखवायची. एक दिवस तिची पाळी बदलली. म्हातारा खालून ओरडला, ‘ए माकडा, वाचता येतं का तुला? उतर खाली.’

वहिनी : आणि माकड उतरलं.

धाकटा : उतरलं. शिवी सवयीची होती म्हणून उतरलो म्हण. हात पांढरे, पानाला बोटं लागत होती. म्हातारा म्हणाला, लागू दे, मला काय ते विकायचंय? मग रोजच वाचायला लागलो. छत संपलं तरी जात राहिलो.

वहिनी : आणि वाचता वाचता तुला साक्षात्कार झाला. उजेड पडला असेल.

धाकटा : उजेड वगैरे नाही. घाम फुटला. येशूला खिळे ठोकतात तिथवर आलो, आणि माझ्याच्याने पुढचं पान उलटेना.

वहिनी : का?

धाकटा : आपल्या धंद्यातला नियम काय आहे, वहिनी? झुलत्या फळीचा?

वहिनी : मला विचारतोस? लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. ज्याची गाठ त्याचा पाय. ज्याने दोर बांधला, त्याने पहिल्यांदा फळीवर चढायचं. त्याच्या जिवावर मग बाकीच्यांनी.

धाकटा : दादा पडला त्या दिवशी गाठ माझी होती.

वहिनी : काय?

धाकटा : गाठ माझी होती. रात्रीची उतरली नव्हती, बोटांना कंप होता. मी बांधली, आणि चढायची वेळ आली तेव्हा पाय उचलेना. दादाने माझ्या हातांकडे पाहिलं, म्हणाला, तू थांब खाली, मी चढतो. आणि चढला.

वहिनी : गाठ टोळीतल्या त्या पैलवानाची होती.

धाकटा : मुकादमाने विचारलं, गाठ कुणाची. मी पैलवानाकडे बोट दाखवलं. तो बादली धरून खाली उभा होता. सगळ्यांना पटलं. स्वतःच्या गाठीवर चढायला घाबरला, दादाला पुढे घातलं, असं सगळेच म्हणाले.

वहिनी : तो काडीसारखा माणूस. फुंकर मारली तर उडेल, म्हणून तर पैलवान म्हणायचो त्याला.

धाकटा : हो.

वहिनी : सहा वर्षं.

धाकटा : सहा वर्षं कुणी त्याला दोराला हात लावू दिला नाही. फाटकं रंगवतो, कुंपणं रंगवतो. जमिनीवरची कामं. मी त्या वॉर्डात उभा होतो, आणि पुस्तकात तो मरायला चाललेला, ज्याची एकही गाठ चुकलेली नाही असा माणूस. सगळ्या गाठी आमच्या आणि पाय त्याचा. मला वाटलं, हे मी पाहिलंय. खालून, मान वर करून पाहिलंय. तेव्हा मी ‘दादा, थांब’ एवढंसुद्धा म्हणालो नव्हतो.

वहिनी : थांब. मला हे डोक्यात बसवू दे. म्हणजे कुणीतरी आधीच तुझ्याऐवजी मेला, म्हणून तू मोकळा. बरं आहे की. आम्हाला कुणी असं भेटलं नाही.

धाकटा : मोकळा झालो म्हणून तर पळायचं कारण राहिलं नाही. त्या दिवसानंतर मी एवढा कशाला प्यायचो असं वाटतं तुला? डोळा मिटला की बोट दिसायचं. माझंच.

वहिनी : तुझं मन हलकं झालं, आनंद आहे. देवाने माफ केलं म्हणतोस, तर मिटलं. मला सांगितलंस, तेही झालं. आता शिडी ठेव आणि जा. ते उठायच्या आत जा.

धाकटा : मिटलं नाही. माफी मला मिळाली. पैलवानाला काय मिळालं?

वहिनी : म्हणजे?

धाकटा : गेलो होतो त्याच्याकडे, परवा. पाया पडलो. त्याने पाय मागे घेतले. म्हणाला, गाठ माझी नव्हती हे मला कशाला सांगतोस, मला ते माहीतच आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग. आणि दार लावून घेतलं.

वहिनी : मग?

धाकटा : उद्या सकाळी नाक्यावर सगळे रंगारी कामाला जमतील. मुकादमही असतो. तिथे सांगणार आहे. तुला आणि दादाला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून आधी आलो.

वहिनी : अस्सं. आता कळलं काय न्यायला आलायस ते.

धाकटा : वहिनी—

वहिनी : उंच भिंतींची कामं मला का मिळतात, ठाऊक आहे? मी गोरी आहे म्हणून? या घराची गाठ कधी सुटली नाही, सुटली ती परक्याची, असं लोक म्हणतात म्हणून. उद्या तू नाक्यावर छाती पिटणार, आणि परवा माझ्या दोराला कोण विचारणार? तुझा आत्मा धुऊन निघणार आणि ते पाणी माझ्या चुलीत.

धाकटा : मी येतो कामाला. जमिनीवरचं सांग, डबे धुवायला सांग. काही न घेता करीन.

वहिनी : उपकार नकोत. आठ महिन्यांचा साधू तू. नवव्या महिन्यात गुत्त्यात सापडशील, आणि आम्ही मात्र नाक्यावर उघडे पडलेले. नाही. मी नाही म्हणतेय. त्यांना हे कळलं तर मरतील ते. सख्ख्या भावाने पाय मोडला हे ऐकून जगतील कसे?

थोरला : मला माहीत आहे.

वहिनी : अहो, उठलात कशाला? काठी कुठाय?

थोरला : राहू दे काठी. भिंत आहे. मला त्याच दिवशी कळलं होतं.

धाकटा : दादा.

थोरला : तू डावखुरा. आपल्या टोळीत दुसरा डावखुरा नव्हता. तुझ्या गाठीचं शेपूट उलट्या अंगाला निघतं. मी पडलो तेव्हा दोर माझ्या छातीवर आला. गाठ अर्धी सुटलेली, अर्धी तशीच. लोक धावत येईपर्यंत उरलेली मी सोडून टाकली.

धाकटा : सोडलीस? पाय तसा मोडलेला असताना?

थोरला : हात शाबूत होते.

वहिनी : मला सांगितलं नाहीत.

थोरला : नाही.

वहिनी : सहा वर्षं तुमच्या पायाला तेल चोळलं मी. चोळताना रोज त्या पैलवानाला शिव्या घातल्या. पिढ्यांसकट. तुम्ही ऐकत होतात.

थोरला : ऐकत होतो.

वहिनी : ‘हं’ म्हणायचात.

थोरला : म्हणायचो. मला वाटायचं, मी भावाला वाचवलं. मोठं काम केलं. पैलवान येऊन उभा राहायचा डोळ्यांसमोर, तेव्हा म्हणायचो, त्याला काय, दुसरं काम मिळेल. जमिनीवरही भिंती असतातच की.

धाकटा : चूक माझी आहे, दादा. तुला मध्ये ओढणार नाही मी. नाक्यावर तुझं नाव घेणार नाही.

थोरला : घे. गाठ तुझी, पण सोडली मी. तो अर्धा भाग तुला सांगता यायचा नाही, तो तू पाहिलाच नाहीस. मी येईन. आणि ते तू म्हणालास ना आत्ता, मान वर करून पाहिलं... मी काही त्या पुस्तकातल्यासारखा नाही, बाबा. त्याने आपला जीव घातला. मी माझा पाय घातला आणि वर पैलवानाचं अख्खं आयुष्य. हिशेब जुळत नाही.

धाकटा : माझाही जुळला नाही. जुळतच नाही तो. म्हणून तर वाचता वाचता घाम फुटला.

थोरला : मला वाचून दाखवशील कधी?

धाकटा : दाखवेन.

वहिनी : झालं. दोघांचं जमलं. भाऊ भावाच्या गळ्यात, आणि मी रंग ढवळतेय. घट्ट होत चाललाय इकडे.

थोरला : चिडलीस?

वहिनी : चिडले नाही. मोजतेय. नळावर किती जणी होत्या ते आठवतेय.

धाकटा : कुठल्या नळावर?

वहिनी : तू नव्हतास तेव्हा. यांना दवाखान्यातून आणलं त्याच आठवड्यात. पैलवानाची बायको हंडा लावून उभी होती, पोटुशी होती. मी तिचा हंडा उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाले, तुझ्या नवऱ्याने माझं घर लंगडं केलं, तुझ्या दारात कधी धड पावलं न उमटोत. ती रिकामा हंडा घेऊन गेली. त्यानंतर ती लांबच्या नळावर जाते. चढावर आहे तो.

थोरला : तुला माहीत नव्हतं.

वहिनी : मला माहीत नव्हतं, पण जीभ माझीच होती ना? ती काय तुम्ही हलवलीत?

धाकटा : वहिनी, तिच्या घरी जाऊ आपण. मी येतो बरोबर.

वहिनी : घरी कशाला? घरात जाऊन गुपचूप म्हटलं तर माझं मन हलकं होईल, तिला काय मिळणार? चारचौघींत बोलले, चारचौघींतच परत घ्यायला हवं. तिच्या त्या चढावरच्या नळावर.

थोरला : मग शाळेचं काम? उद्या भिंतीला हात लावायचा होता.

वहिनी : त्यांनी ठेवलं तर परवा लावू. नाही ठेवलं तर हा हिरवा आपल्याच भिंतीला लावू, काय करणार.

धाकटा : म्हणजे तू हो म्हणतेस?

वहिनी : माझा तुझ्यावर विश्वास बसला असं समजू नकोस. तुझ्या त्या येशूचं मला कळत नाही, आणि तू तर अजिबात कळत नाहीस. उद्या तू नाक्यावर जातोस की वाटेतच वळतोस, ते मी पाहणार. तुझ्या मागे उभी राहणार आहे मी. पळायला लागलास तर मला दिसायला हवं.

धाकटा : मागे नको. पुढे उभी राहा, वहिनी. बोलताना माझं तोंडही दिसेल तुला.