पेटी पुसली त्या दिवशी

माझं नाव कलाबाई. जन्म पिंपळवंडीजवळच्या वस्तीवरचा, वस्ती म्हंजी गावाच्या वढ्यापल्याड, तिथं आमचीच घरं. बाप हलगी वाजवायचा. लग्नात वाजवायचा, मयताला वाजवायचा, पण मांडवाच्या आत कधी गेला न्हाई, समद्यांचं जेवण उरकलं का बाहेरच हातात ताट यायचं. मला भाऊ नव्हता, म्हणून हलगी माझ्याकडं आली. बाप म्हणला शिक, हसणाऱ्याला हसू दे. लोक हसलेच. बाईमाणूस हलगी बडवतंय म्हणून बघायला जमायचे, पण ताल चुकला म्हणून कुणी कधी हसलं न्हाई, येवढं सांगते.

मग दोन-तीन वर्सांमागं शहरातली एक संस्था आली. तिची मॅडम वस्तीवर आली, खाली बसली, माझ्या घरचा चहा प्याली, मला लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हणली, मावशी, शाळेत गाण्या-वाजवण्याचा वर्ग काढतोय, गावातल्या पोरी, तुमच्या वस्तीच्या पोरी, वसतिगृहातल्या आदिवासी पोरी, सगळ्या एका सतरंजीवर बसतील, तुम्ही हलगी शिकवा. मी म्हणले शिकवते. आणि काय सांगू भाऊ, पहिलं वर्स सोन्यासारखं गेलं. माझी नात सोनल, तिला हलगीपरास पेटीचा नाद, बोटं अशी पळायची का पेटीवाले सर म्हणायचे ही पुढं जाणार. आणि गावातली वैष्णवी, बागायतदाराची लेक, ती उलटी माझ्याच मागं, मावशी हलगी द्या, मावशी हलगी द्या.

मग कार्यक्रम ठरला, मोठं पावणं येणार व्हतं. आदल्या दिवशी तालीम. सोनल पेटी वाजवून उठली, मागनं वैष्णवीची पाळी, तिच्या आईला लेक पेटीवरच पाहिजे व्हती. आई तिथंच बसली व्हती, तिनं पर्समधनं ओला रुमाल काढला आणि पेटीची एकएक पट्टी पुसली. काळी, पांढरी, सगळी. सावकाश. मग लेकीला म्हणली, बस आता. सोनल तिथंच उभी. तिनं आपले हात उलटेसुलटे करून बघितले, का काय लागलंय हाताला. मी मॅडमकडं बघितलं, तिनं सगळं बघितलं व्हतं. जवळ येऊन हळूच म्हणली, मावशी, उद्या कार्यक्रम आहे, आत्ता विषय वाढवायला नको.

दुसऱ्या दिवशी पेटीवर वैष्णवी. सोनलला सांगितलं तू आजीसंगं हलगीत उभी राहा. आणि हलगीवाल्या पोरी स्टेजच्या खाली, का तर आवाज मोठा येतो म्हणे. वर पावणा माईकवर सांगत व्हता, संगीताला जात नसते. टाळ्या. मग मला वर बोलावून शाल घातली, आणि मी, भाऊ, मी हसले. फोटोत हसतेय मी. त्या पेटी पुसणाऱ्या बाईची किळस आली ती आलीच, पण माझी मला जास्त आली. बापाला निदान तोंडावर बाहेर बसवत व्हते, शाल घालून न्हाई.

घरी येताना सोनल म्हणली, आजी, तू काहीच का न्हाई बोललीस.

पुढच्या वर्गाला गेले ती ठरवूनच. समद्या पोरींसमोर मॅडमला सांगितलं, माझा वर्ग आता वस्तीच्या समाजमंदिरात, ज्याला यायचं त्यानं तिथं आमच्या सतरंजीवर यावं. मॅडम म्हणली, मावशी, अशानं गाव तुटेल. मी म्हणले, जोडलं कधी व्हतं? वैष्णवीच्या आईनं बाहेर गाठलं, म्हणली, कलाबाई, आमी तुमाला काय वाईट बोललो का? मी म्हणले, बोलला असतात तर बरं झालं असतं.

आता रविवारी सकाळी वर्ग भरतो. वस्तीच्या पोरी, वसतिगृहातल्या पोरी, आणि पेटीवाले सर आपली पेटी गाडीला बांधून नारायणगावावरनं येतात, कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. गावातलं महिनाभर कुणी फिरकलं न्हाई. मग एकदा वैष्णवी सायकलवर आली, दारात उभी. मी विचारलं, घरी सांगून आलीस का? म्हणली, भांडून आले. घेतली आत.

संस्थेनं आंबेगावात नवीन वर्ग काढलाय, बोलावणं आलं व्हतं, मी न्हाई गेले. आता हात पहिल्यासारखे चालत न्हाईत, पण पोरी चांगल्या वाजवतात. त्यांचं भलं व्हवो, वैष्णवीचं बी भलं व्हवो. तिच्या आईचं म्हणायला जाते, तर तोंडातनं निघत न्हाई. अजून जमत न्हाई मला, भाऊ.