तिळाएवढी गोळी

…नाही हो, काविळीत नाही, घाटातल्या एसटीत नाही, इतकी मी आयुष्यात ओकले नव्हते! आणि कशानं? एवढीशी गोळी हो, तिळापेक्षा जरा मोठी… तिनं अख्खी बाई हलवून सोडली!

तुम्हाला सांगते, सत्त्याण्णव साल, नवीन लग्न, मी अंबडला कंपनीत कॉइल गुंडाळायला, टेंपररी. साहेब म्हणाले, "संध्याताई, दिवाळीला परमनंट करू, पण मधे ते… बाळंतपण वगैरे नको हं!" मग काय, मी आणि आमच्या राजूनं, नवऱ्यानं हो, गुपचूप गोळ्या आणल्या, शिवणाच्या डब्यात बॉबिनींखाली लपवल्या. सासूबाईंना कळलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं!

झालं, पहिल्याच आठवड्यात सकाळी मोरीत ओ… ओ… छाती अशी भरून आलेली की ब्लाउजचे हूक लागेनात, टीव्हीवर वॉशिंग पावडरची जाहिरात लागली तरी मला हुंदका! कढी फुटली म्हणून रडले, दुसऱ्या दिवशी चांगली झाली म्हणून रडले. थक्कच झाले मी… एवढीशी गोळी हो, माझ्या आत कुठं काय आहे हे हिला कसं ठाऊक? मी तर रोज मनातल्या मनात त्या पाकिटाला हात जोडायची.

पण मोरीबाहेर उभ्या कोण? गोजराबाई, माझ्या सासूबाई! डोळ्यांत पाणी. "राजू, आरं पेढे आण! पोरीला दिवस गेले!"

आता बोला! मूल नको म्हणून गोळी, आणि गोळीपायी घरात बाळाची तयारी! खरं सांगावं तर गोळ्या उघड्यावर येणार. राजू कानात म्हणतो, "राहू दे ना, आई खूष आहे." मधे पाळी आली, तीसुद्धा मी चोरून निभावली! आणि नवीन पाकीट सुरू करायच्या दिवशीच सासूबाईंनी पिशवी भरली. "पहिलटकरीण हाय, लय कष्ट नाय करायचे. चल येवल्याला, माझ्या बहिनीकडं." हाताला धरून थेट एसटीत! गोळ्या राहिल्या बॉबिनींखाली.

तिथं काय लाड! मावशी मागावरून ओरडते, "डोहाळजेवणाची पैठणी मीच इननार!" आठवडाभरानं परत आले तर राजू दारातच उभा, करमलं नव्हतं बिचाऱ्याला… पुढचं सांगायला नको. दुसऱ्या दिवशी लगेच पाकीट सुरू केलं हो! पण एवढीशी गोळी, रुसली ती रुसलीच. या वेळी खरेच दिवस गेले!

दिवाळीला परमनंट झाली शेजारच्या मशीनवरची फुलाबाई. मी घरी बसून ढसाढसा रडले, आणि या वेळी गोळीवर ढकलायचीही सोय नाही. सासूबाई आजही गल्लीभर सांगतात, "मला पयल्या ओकारीलाच कळलं व्हतं! डाक्टरीणबाईचाच हिशेब चुकला, म्हनून नात उशिरा आली."

बारशाला पैठणीत गुंडाळलेली लेक स्वानंदी मांडीवर घेऊन मीही मान डोलावली! एवढीशी गोळी हो… घेतली तरी ओकारी, आणि नाही घेतली तरी ओकारी!